फिरवणं सोपं, थांबवणं अवघड

घरातलं लाटणं मधोमध कापलं तर काप गोल दिसेल. टोकाजवळ कापलं तरी गोलच, फक्त लहान. लेथवर घडलेल्या प्रत्येक वस्तूची ही खूण. कातारी लाकूड वेगानं फिरवतो आणि हत्यार एका जागी टेकवतो; मग लाकडाला गोल होण्यावाचून गत्यंतर नसतं. सावंतवाडीच्या लाखकामात तर रंगही या फिरण्यातूनच चढतो. लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबून धरली की घर्षणानं तापून वितळते आणि लाकडाच्या अंगावर पसरते. लेथवर फिरणं हेच काम असतं.

आता देव्हाऱ्याचा पिळाचा खांब आठवा. किंवा कुऱ्हाडीचा दांडा, बुद्धिबळातला घोडा. यांचा काप गोल नसतो आणि जागोजागी बदलतो. इथे साधा लेथ हात टेकतो. संगणकावर चालणारा घरगुती सीएनसी राऊटरही थोडं पुढं जाऊन हात टेकतो. त्याचं कटर डावी-उजवीकडे (एक्स), पुढं-मागं (वाय) आणि वर-खाली (झेड) एवढंच जाऊ शकतं. ते कायम वरून येतं. घोड्याच्या पोटाखाली त्याला शिरता येत नाही. अर्धा घोडा वरून कोरायचा, लाकूड हातानं उलटं करायचं आणि उरलेला अर्धा कोरायचा, हा उपाय आपण सगळेच करून पाहतो. नाकाचे दोन अर्धे भाग एकमेकांशी जुळत नाहीत, तेव्हा चौथ्या अक्षाची आठवण होते.

चौथा अक्ष म्हणजे राऊटरच्या टेबलावर आडवा बसवलेला, मोटरनं फिरणारा, लाकूड पकडणारा चक. समोर लाकडाचं दुसरं टोक धरणारा टेलस्टॉक. दिसायला छोटा लेथच, आणि या दिसण्यानंच माणूस फसतो. मीही फसलो. पहिल्या प्रयत्नात मी चक गुळगुळीत फिरतो की नाही एवढंच पाहिलं होतं. तो छान फिरत होता. पण चौथ्या अक्षाचं खरं काम सांगितलेल्या कोनावर उभं राहण्याचं असतं, तेही मिनिटाला पंधरा-वीस हजार फेरे घेणारं कटर लाकडाला ढकलत असताना. सलग फिरत असतानाही कुठल्या क्षणी तो कुठल्या कोनावर असावा हे ठरलेलं असतं. पट्टा, बेअरिंग, मोजमाप, सॉफ्टवेअर या सगळ्यांची निवड या एका गरजेतून होते.

ही कल्पना नवी नाही

१८१९ साली थॉमस ब्लँचर्ड या अमेरिकन कारागिरानं बंदुकीचे लाकडी दस्ते कोरणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डच्या सरकारी शस्त्रशाळेत ते यंत्र कामाला लागलं. दस्ता कुठंच गोल नसतो, त्यामुळे तोवर तो हातानंच तासावा लागे. ब्लँचर्डनं तयार दस्त्याचा नमुना आणि कोरं लाकूड असे दोन्ही एकाच चौकटीत बसवून सोबत फिरवले. नमुन्यावर एक चाक नुसतं टेकून फिरे आणि लाकडावर तेवढंच मोठं, दात असलेलं चाक कापत असे. नमुन्याच्या फुगवट्यानं टेकलेलं चाक बाहेर ढकललं की कापणारं चाकही तेवढंच बाहेर सरके. पुढं याच तत्त्वावर बुटांचे साचे आणि हत्यारांचे दांडे होऊ लागले. लेथवर लाकूड पळतं आणि हत्यार उभं राहतं. ब्लँचर्डनं पळायचं काम हत्याराला दिलं आणि लाकडाला सावकाश केलं. आपला चौथा अक्ष तिथूनच येतो.

दुसरी पायरी १८६२ च्या सुमाराची. अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं आणि ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्स शहरात बंदुका बनत होत्या. त्यासाठी लागणाऱ्या ड्रिलचे पिळाचे खाचे कामगार गोल कानशीनं घासून पाडत. ब्राऊन अँड शार्प कंपनीच्या जोसेफ ब्राऊननं यावर युनिव्हर्सल मिलिंग मशीन बनवलं. त्यात टेबल पुढं सरकतं त्याच वेळी गिअरच्या साखळीतून जॉबही, म्हणजे कापायची वस्तूही, फिरतो, आणि खाचा आपोआप पिळाचा होतो. या यंत्राचं डिव्हायडिंग हेड आजही जुन्या मशीन शॉपमध्ये दिसतं. त्याचा हँडल सहसा ४० वेळा फिरवला की जॉबचा एक फेरा होतो. षटकोन करायचा तर ४० ला ६ नं भागा: प्रत्येक बाजूला ६ फेरे आणि वर दोन-तृतीयांश. ते दोन-तृतीयांश मोजायला भोकांची चकती असते. १८ भोकांच्या वर्तुळात १२ भोकं पुढं जायचं आणि पिन आत सोडायची. ती पिन हा त्या यंत्राचा आत्मा. ती खटकन आत बसली की जॉब हलत नाही. आपण त्या गिअरच्या जागी संगणकाचे ठोके बसवतो, पण पिनेचं काम कोण करणार हा प्रश्न उरतोच.

अंश आणि मिलिमीटर

बाकीच्या तीन अक्षांवर चूक मिलिमीटरमध्ये मोजतात. एक्सवर दहावा भाग चुकला तर टेबलाच्या कुठल्याही कोपऱ्यात तो दहावा भागच असतो. चौथा अक्ष, म्हणजे ए, अंशांत बोलतो, आणि अंशाला स्वतःची लांबी नसते. १० मिलिमीटर त्रिज्येच्या पेनावर एका अंशाची चूक ०.१७ मिलिमीटर भरते. ५० मिलिमीटर त्रिज्येच्या खांबावर तीच ०.८७ होते. जॉब जितका जाड, तितकं यंत्र बेशिस्त वाटतं.

छंदी लोक बहुधा नेमा २३ स्टेपर मोटर वापरतात. २३ हा आकडा तिच्या तोंडाच्या मापाचा, २.३ इंचांचा. तिचा एक फेरा २०० पावलांचा, म्हणजे पाऊल १.८ अंशांचं. ड्रायव्हरमध्ये प्रत्येक पावलाचे आठ भाग केले तर १६०० ठोके होतात. कागदावर हे पुरेसं वाटतं, म्हणून मीही चक सरळ मोटरच्या दांड्यावर बसवला होता.

मला कुणी सांगितलं नव्हतं ते असं: स्टेपर मोटर पिनेसारखी अडकत नाही, स्प्रिंगसारखी धरून ठेवते. बाहेरून ढकललं की ती थोडी वळते आणि मगच विरोध करते. पूर्ण ताकद लागेपर्यंत ती एक अख्खं पाऊल, १.८ अंश, वळलेली असते. समजा मोटरची धरून ठेवण्याची ताकद २ न्यूटन-मीटर आहे आणि ५० मिलिमीटर त्रिज्येवर कटर २० न्यूटननं ढकलतंय. मोटरवर भार आला १ न्यूटन-मीटर, निम्माच. मोटर हार मानत नाही, एकही ठोका चुकत नाही, तरी ती ०.६ अंश वळते. लाकडाच्या पृष्ठभागावर तो अर्धा मिलिमीटर होतो. कटर निघून गेलं की जॉब परत जागेवर येतो आणि आपण खरखरीत पृष्ठभागाकडे पाहत कटरला बोल लावतो.

आता मध्ये ६ ला १ चा पट्टा घाला. मोटरवरचा भार एक-षष्ठांश झाला, म्हणून ती साधारण एक-षष्ठांशच वळली. ते वळणंही चकपर्यंत पोचताना पुन्हा सहांनी भागलं गेलं. सहा गुणिले सहा. अर्ध्या मिलिमीटरचं दीड शतांश मिलिमीटर झालं. गिअरनं ताकद वाढते हे सगळ्यांना माहीत असतं, पण थांबण्याची पक्की पकड गिअरच्या वर्गानं वाढते, आणि इथे तीच हवी असते.

तीन वाटा

हा गिअर तीन प्रकारे घालता येतो. पहिला वर्म गिअर, जुन्या रोटरी टेबलांतला. तो जॉबकडून उलटा फिरत नाही, म्हणून वीज गेली तरी जॉब जागेवर राहतो. पण दात्यांमध्ये प्ले, म्हणजे थोडी सैल जागा, असतो. कटर एका बाजूनं ढकलत असताना सगळं ठीक चालतं, बाजू बदलली की टक्कन आवाज येतो आणि जॉबवर रेघ उमटते. वर्म चाकाजवळ सरकवून प्ले कमी करता येतो. फार सरकवला तर तो जड होऊन अडकतो.

दुसरा टायमिंग बेल्ट. १५ दात्यांची छोटी पुली, ९० दात्यांची मोठी. ताण नीट दिला तर प्ले जवळपास नाही, आवाज नाही, किंमत कमी. पहिल्यांदा करणाऱ्यानं हीच वाट धरावी. एक मोजमाप मात्र आधी करावं. ५ मिलिमीटर पिचच्या पट्ट्यासाठी ९० दात्यांची पुली १४३ मिलिमीटर व्यासाची होते. ती टेबलाला घासू नये म्हणून चकचं केंद्र ७५ मिलिमीटर उंच न्यावं लागतं, आणि बऱ्याच छोट्या राऊटरमध्ये टेबल ते आडवा पूल एवढं अंतरच ८०-१०० मिलिमीटर असतं. ३ मिलिमीटर पिच घेतला तर तीच पुली ८६ मिलिमीटरमध्ये बसते. नाहीतर मोठी पुली टेबलाच्या कडेबाहेर लटकती ठेवायची.

तिसरा हार्मोनिक ड्राइव्ह. अमेरिकन संशोधक वॉल्टन मसर यांनी १९५० च्या दशकात त्याचं पेटंट घेतलं. पातळ पोलादी पेल्याच्या बाहेरच्या बाजूला, समजा, १०० दाते. त्याभोवतीच्या कड्याला आतून १०२. पेल्यात लंबगोल चाक फिरतं, पेला त्याच्यासोबत लवचिकपणे दबतो आणि दोन ठिकाणी कड्यात रुततो. लंबगोलाच्या एका फेऱ्यात पेला दोनच दाते मागं सरकतो. ५० ला १ चा गिअर मुठीएवढ्या जागेत, आणि प्ले जवळपास शून्य. १९७१ साली चंद्रावर चाललेल्या अपोलोच्या गाडीच्या चाकांतही हेच तत्त्व होतं. तो महाग पडतो, शिवाय ५० पट गिअर म्हणजे मोटरला ५० पट पळावं लागतं, आणि वेग वाढला की स्टेपरची ताकद घटते. चांगलं थांबण्याची ही किंमत आहे.

दांड्याला दोन टेपर रोलर बेअरिंग एकमेकांकडे तोंड करून बसवावीत आणि नटनं हलका दाब द्यावा. मग चकमध्ये ३०० मिलिमीटरचा सरळ गज धरून त्याचं मोकळं टोक हातानं हलवून पाहावं. बोटांना जाणवतं ते कटरलाही जाणवणार. चौकोनी लाकडाला चार जबड्यांचा चक बरा, गोलाला तीन जबड्यांचा. टेलस्टॉकमध्ये फिरतं सेंटर घालावं. आधार नसलेलं लांब लाकूड कटरखाली धनुष्यासारखं वाकतं.

आस कुठे आहे?

चक टेबलावर घट्ट बसला की लोकांना कापायची घाई होते. पण यंत्राला अजून माहीत नसतं की जॉब नेमक्या कुठल्या रेषेभोवती फिरतो. आधी ती रेषा एक्सला समांतर करायची. चकमध्ये सरळ गज धरा, स्पिंडलवर, म्हणजे कटर फिरवणाऱ्या दांड्यावर, डायल गेज बांधा आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्या, एकदा गजाच्या वरून, एकदा बाजूनं. काटा हलला तर टेलस्टॉक सरकवा किंवा खाली पत्र्याची पट्टी घाला.

मग आसाची उंची. लाकडाच्या पृष्ठभागावर झेड शून्य करायची आपल्याला सवय असते, पण इथे ती घात करते, कारण लाकूड कधीच पुरतं गोल नसतं आणि कापता कापता तो पृष्ठभाग नाहीसा होतो. शून्य आसावरच हवं. आस दिसत नाही, तिला हातही लावता येत नाही. पण ती सापडते. लाकडाच्या वरच्या बाजूवर थोडी सपाट जागा कापा. जॉब १८० अंश फिरवा, झेडला हात न लावता त्याच उंचीवर समोरची बाजू सपाट करा. आता व्हर्निअरनं दोन सपाट बाजूंमधली जाडी मोजा. समजा ३८.४० मिलिमीटर भरली. म्हणजे कटरचं टोक या क्षणी आसापासून बरोबर १९.२० मिलिमीटर वर आहे. लाकूड वाकडं असो, चकमध्ये तिरकं धरलेलं असो, उत्तर बदलत नाही. वायसाठीही हीच युक्ती: कटरच्या बाजूनं एक कड कापा, अर्धा फेरा फिरवा, वाय न हलवता पुन्हा कापा. जाडीचा निम्मा म्हणजे आस ते कटरची कड हे अंतर. त्यात कटरची त्रिज्या मिळवली की स्पिंडलचं केंद्र मिळालं.

यंत्राला समजावणं

सीएनसीच्या भाषेत एक्सभोवती फिरणारा अक्ष ए, वायभोवती बी, झेडभोवती सी. दिशा उलटी लागली तर पिळाचा खांब उलट्या पिळाचा होतो, आणि लाटण्यावर कोरलेलं नाव आरशातल्यासारखं. म्हणून पहिलं नाव टाकाऊ लाकडावर कोरावं.

छंदी जगात सर्वात जास्त पसरलेलं नियंत्रक सॉफ्टवेअर म्हणजे ग्रबल. २००९ मध्ये सिमेन स्वाले स्कॉग्सरुड यांनी ते सुरू केलं आणि ते आर्डुइनो उनोच्या इवल्याशा चिपवर चालतं. त्या चिपवरच्या मूळ ग्रबलला तीनच अक्ष कळतात. स्वस्त बोर्डांवर ए अशी चौथी जागा छापलेली असते. पण बहुतेक वेळा ती एक्स, वाय किंवा झेडची नक्कल करणारी दुसरी मोटर जोडायला असते. तीत चक जोडला की तो टेबलासोबत भलतंच नाचतो. खरा चौथा अक्ष हवा तर ग्रबलहाल, माक ३ किंवा लिनक्ससीएनसी वापरावं लागतं. यांतलं शेवटचं अमेरिकेच्या निस्ट या सरकारी मापन संस्थेच्या प्रकल्पातून जन्मलं आणि नऊ अक्ष सांभाळतं.

तीनच अक्ष असतील तरी सोपी युक्ती आहे. वायची वायर काढून चकच्या मोटरला लावायची आणि यंत्राला सांगायचं की हाच वाय. ५० मिलिमीटर व्यासाच्या लाकडाचा परीघ १५७.०८ मिलिमीटर. आपली मोटर सहापट गिअरनं एका फेऱ्याला ९६०० ठोके घेते. भागिले परीघ, म्हणजे मिलिमीटरला ६१.१२ ठोके. हा आकडा भरला की सपाट चित्र लाटण्याभोवती कागद गुंडाळावा तसं लाकडाभोवती गुंडाळलं जातं. मात्र आकडा त्या व्यासापुरताच खरा. कोरत कोरत व्यास ४० वर आला की तिथला परीघ १२५.६६, आणि नक्षी तळाशी एक-पंचमांशानं चिंचोळी.

वेगाचीही हीच गोम. ५० मिलिमीटर व्यासावर मिनिटाला ६०० मिलिमीटर वेग हवा तर चक मिनिटाला सुमारे १३७५ अंश फिरायला हवा. तोच आकडा ठेवून कटर १० मिलिमीटर जाडीच्या मानेवर उतरलं, तर लाकूड कटरखालून मिनिटाला फक्त १२० मिलिमीटर सरकतं. कटर कापण्याऐवजी घासत राहतं आणि सागवानावर काळा पट्टा उमटतो. यावर जी ९३ ही आज्ञा आहे. त्यात वेग न सांगता वेळ सांगतात, आणि तोही उलटा: ही ओळ अर्ध्या सेकंदात संपव म्हणायचं तर मिनिटाचा एकशेविसावा भाग, म्हणून आकडा १२०. कुठे किती जाडी आहे हे सॉफ्टवेअर आधीच जाणतं. ते प्रत्येक ओळीला तिचा वेळ नेमून देतं.

सहाशे फेरे

वापर दोन तऱ्हांचा. पहिली ब्राऊनच्या डिव्हायडिंग हेडची: फिरवा, थांबवा, कापा, पुन्हा फिरवा. षटकोनी दांडा, खांबाच्या चार बाजूंची नक्षी, सगळं यात बसतं. दुसरी ब्लँचर्डची: जॉब सावकाश फिरत राहतो आणि कटर स्क्रूच्या आट्यासारखं पुढं सरकत वर-खाली होतं. घोडा आणि पिळाचा खांब असेच होतात.

सुरुवात चौकोनी लाकडापासून असेल तर सुरक्षित उंची नीट ठरवा. ५० मिलिमीटर चौरस लाकडाची बाजू आसापासून २५ मिलिमीटरवर असते, पण फिरताना कोपरा ३५.४ पर्यंत वर येतो. कटर ३० वर उभं असेल तर लाकूडच येऊन त्याला धडकतं. आधी सपाट एंडमिलनं जाडसर काम, मग बॉलनोज कटरनं शेवटचा हात. चक हळू फिरतो म्हणून बोटं जवळ नेण्याचा मोह होतो. स्पिंडल हळू नसतो, हे विसरू नये.

वेळेचा हिशेब आधी करावा. ३०० मिलिमीटर लांबीच्या, ५० मिलिमीटर व्यासाच्या खांबावर फेऱ्याला अर्धा मिलिमीटर सरकायचं म्हणजे ६०० फेरे. कटरचा प्रवास ९४ मीटर. मिनिटाला दीड मीटर वेगानं तासाहून थोडा जास्त. माझा पहिला पूर्ण खांब असाच झाला. कटर वर उचललं गेलं, मी खूश झालो आणि सवयीनं यंत्राला सगळे अक्ष शून्यावर आणायला सांगितलं. यंत्राच्या लेखी ए त्या वेळी २,१६,००० अंशांवर होता. त्यानं आज्ञा पाळली आणि ते सहाशे फेरे एकेक करून उलटे उलगडू लागलं. त्यानंतर माझ्या प्रत्येक फाइलच्या शेवटी जी ९२ ची ओळ असते: आहेस तिथंच शून्य मान.

अक्ष तयार झाला हे ओळखायची माझी एक चाचणी आहे. साधारण ४० मिलिमीटर जाडीचा लाकडी दांडा चकमध्ये धरायचा. वरून ६ मिलिमीटरचं भोक मध्याच्या किंचित पुढेपर्यंत पाडायचं. १८० अंश फिरवून समोरून तेवढंच खोल दुसरं पाडायचं. वायचं केंद्र अर्धा मिलिमीटर चुकलं असेल तर दोन भोकं एक मिलिमीटरनं चुकतात, कारण अर्ध्या फेऱ्यानं चूक दुप्पट होते. पट्टा सैल असेल, बेअरिंग हलत असेल, तर तेही इथंच दिसतं. माझ्या फळीवर असे सात तुकडे ओळीनं ठेवलेत. पहिला उजेडासमोर धरला तर मधे डोळ्याच्या आकाराची बारीक फट दिसते. पुढच्या तुकड्यांत ती रुंदावत जाते. सातव्यातून खिडकीबाहेरचं आकाश पूर्ण गोल दिसतं, आणि भोकात काडी फिरवली तर मधे कुठं अडत नाही.